ऐकू आलं की बटण दाबा

कुमठेकर रस्त्यावर माझं श्रवणयंत्रांचं दुकान,
पहिल्या मजल्यावर, साडीफॉलवाल्याच्या डोक्यावर.
दिवसभर मी म्हाताऱ्यांना काचेच्या खोलीत बसवते
आणि सांगते : काका, ऐकू आलं की बटण दाबा,
कितीही बारीक असलं तरी.

सातनंतर शटर अर्धं ओढून
त्याच खोलीत मी बसते,
कानांवर हेडफोन, मोबाइल मांडीवर.
आवाज क्रमांक सतरा. स्त्री. वय एक्क्याऐंशी. गाव झाखो.
नाव दिलेलं नाही.
मी तिला अस्मरबाई म्हणते,
आमच्यात बाईशिवाय बाईचं नाव पुरं होत नाही.

अस्मरबाई अरमाईक बोलतात.
माझ्या लेखी ती भाषा फक्त मेलेल्यांसाठी होती;
त्या तिच्यात भाव करतात, चुलत जावेला नावं ठेवतात.
मागे कुणीतरी ताटली आपटतं
आणि त्या त्याच्यावर खेकसतात.
तेवढं कुणी कापलेलं नाही, उपकारच.

भाकरी म्हणजे लख्मा.
तो ख आपला नव्हे,
टाळूला चिकटलेला तीळ खाकरून काढावा तसा.
मी म्हणते, पट्टी लाल.
पुन्हा म्हणते, लाल.
वेग निम्मा केला की अस्मरबाई
झोपेतून बोलल्यासारख्या लांबतात,
आणि साडीफॉलवाला खालून ओरडतो,
मॅडम, घसा बसलाय का? आलं पाठवू?

बाबा चाळीस वर्षं रास्ता पेठेत कद्दिश म्हणत आले,
स्वतःच्या मेलेल्यांसाठी, मग परक्यांच्यासुद्धा,
देवनागरीत छापलेल्या, पाठ निखळलेल्या पुस्तकातून :
यितगद्दल वेयितकद्दश शेमे रब्बा.
अर्थ विचारला तर म्हणायचे,
ज्याला कळायचंय त्याला कळतंय,
तू पोळ्या वाढ.

त्यांच्या महिन्याच्या दिवशी नऊ पुरुष जमले.
दहावा क्वार्टर गेटला अडकलेला,
पाच मिनिटांत येतो, पाच मिनिटांत येतो.
मोझेसकाका पेणकर घड्याळाला चावी दिल्यासारखे
मनगट फिरवत राहिले.
मी दाराशी उभी होते, पुस्तक उघडून.
माझ्याकडे पाहून त्यांनी माणसं पुन्हा मोजली
आणि पुन्हा नऊच आली.
काका वाईट नाहीत. मला लहानपणी त्यांनीच सायकल शिकवली.
त्या दिवशी कद्दिश झालंच नाही.

रात्री दुकानात आले, धडा नववा लावला.
नाव म्हणजे शिम्मा, अस्मरबाई म्हणाल्या.
शिम्मा. शेमे.
मी पुस्तक काढलं, बोट ठेवलं.
चाळीस वर्षं बाबा कुणाचं तरी नाव घेत होते
आणि ते नाव काय आहे ते कुठंच सांगितलेलं नव्हतं.
मग आई : यिम्मा.
मग वडील.
तो शब्द यायच्या आधीच मला घाम फुटला,
आता हाही खाकरून काढावा लागणार.

बाबा, म्हणाल्या अस्मरबाई.

मी गप्प. पट्टी थांबून राहिली करड्या रंगात.
पुन्हा म्हणाल्या, जरा सावकाश,
मठ्ठ मुलीला सांगावं तसं,
बा. बा.

बाबांची शेवटची तपासणी मीच केली होती, याच खुर्चीत.
चार हजार हर्ट्झला ते संपूर्ण बहिरे,
पण बटण दाबत होते.
मी आवाज बंद केला. तरी दाबलं.
काचेपलीकडून माझ्याकडे बघत, खुशीत,
दर थोड्या वेळानं.
मी तक्त्यावर लिहिलं : प्रतिसाद विश्वासार्ह नाही.
आणि रागावले त्यांच्यावर, बिल द्यायला आलेल्या
गिऱ्हाइकासमोर.

ध्वनिफितीत पुढे तीन सेकंद कुणीच बोलत नाही.
अस्मरबाई काहीतरी आठवतायत, किंवा पाणी पितायत.
मी यंत्राचं बटण हातात घेतलं, सहज,
वायर गुंडाळून ठेवावी म्हणून,
आणि दाबलं.